तुमचं औषध कोणतं?

व्याख्यान संपलं की कुणीतरी हमखास विचारतं: इतकी वर्षं औषधांवर संशोधन केलंत, मग बाजारात तुमचं औषध कोणतं? तुम्हीही विचारलंत म्हणून सरळ सांगते. एकही नाही. याचं वाईट वाटतं, पण वर्षं वाया गेली असं एकदाही वाटलेलं नाही.

पेशीवर रिसेप्टर नावाची प्रथिनं असतात. ॲड्रिनलिन, हिस्टामीन असे रेणू त्यांना येऊन चिकटतात आणि पेशी कामाला लागते. केंब्रिजच्या जॉन लँगली यांनी 1905 मध्ये स्नायूवर निकोटीन आणि क्युरारे (स्नायू लुळे पाडणारं विष) यांची चढाओढ पाहून ही कल्पना मांडली, तेव्हा रिसेप्टर कुणाच्या नजरेला पडला नव्हता. मी कामाला लागले तेव्हाही आम्ही तो पाहत नव्हतोच. ऊतकाचा तुकडा कोमट क्षारद्रावणात टांगायचा, त्यात प्राणवायूचे बुडबुडे सोडायचे, औषधाची मात्रा वाढवत न्यायची आणि ऊतक आकसलं-सैलावलं की त्याला जोडलेली लेखणी कागदावर काय काढते ते बघत बसायचं. रिसेप्टर काय करतोय, ते त्या रेषेवरून ओळखायचं.

पहिल्याच वर्षी एका संयुगाने मला पार गोंधळात टाकलं. एका ऊतकात ते ॲड्रिनलिनसारखंच काम करायचं. दुसऱ्यात स्वतः काहीच करायचं नाही, उलट ॲड्रिनलिनलाच अडवायचं. नमुना अशुद्ध असेल म्हणून मी तो रसायनशास्त्रज्ञ मित्राकडून तीनदा नव्याने करून घेतला. शेवटी माझ्या मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, "दोन्ही ऊतकांत रिसेप्टर सारखेच आहेत का गं?"

चिकटणं वेगळं आणि जागं करणं वेगळं. औषधशास्त्रज्ञ स्टीफन्सन यांनी 1956 मध्येच हे मांडलं होतं, मी ते वाचलंही होतं, पण कळलं त्या दिवशी. रिसेप्टरला अर्धवट जागं करणाऱ्या संयुगाला पार्शल ॲगोनिस्ट म्हणतात. रिसेप्टरांची रेलचेल असेल तिथे ते जवळजवळ पूर्ण परिणाम दाखवतं. ते मोजकेच असतील तिथे नुसती जागा अडवून बसतं. माझं संयुग दोन्हीकडे खरंच बोलत होतं.

म्हणूनच सिमेटिडीन या अल्सरवरच्या औषधाची गोष्ट मला इतकी जवळची वाटते. औषधशास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी 1964 मध्ये इंग्लंडात हे काम सुरू केलं. हिस्टामीनमुळे जठरात आम्ल सुटतं, पण तेव्हाची हिस्टामीनविरोधी औषधं ते थांबवत नव्हती. म्हणजे जठरातला रिसेप्टर निराळा असणार. चार वर्षांत सुमारे 200 संयुगं झाली, एकही चालेना. आणि धागा तर हाताशीच होता! ग्वानिलहिस्टामीन त्यांनी आधीच बनवलं होतं, पण ते स्वतःच आम्ल वाढवायचं म्हणून बाजूला पडलं होतं. चाचणी बदलून पुन्हा तपासलं तेव्हा दिसलं की ते हिस्टामीनला थोडं अडवतंही. पार्शल ॲगोनिस्ट! मग रसायनशास्त्रज्ञांनी त्या रेणूतली साखळी लांबवली, टोकाचा विद्युतभार काढला आणि बुरिमामाइड मिळालं. तोंडाने घेतल्यावर ते पुरेसं लागू पडेना. त्यानंतरचं मेटिअमाइड लागू पडलं, पण काही रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या. त्या रेणूतला थायोयुरिआ नावाचा भाग काढून त्या जागी सायनोग्वानिडीन हा दुसरा भाग बसवला, ते सिमेटिडीन. 1976 मध्ये ते बाजारात आलं आणि अल्सरच्या कितीतरी रुग्णांची शस्त्रक्रिया टळली.

आमचंही एक संयुग बरंच पुढे गेलं होतं. प्राण्यांवरच्या विषाक्तता चाचणीत यकृताला इजा दिसली आणि काम थांबलं. थांबायलाच हवं होतं. त्या रात्री मी जेवले नाही.

त्याच मालिकेत एक भाऊबंद रेणू होता. शरीरात गेला की काही मिनिटांत मोडायचा, त्यामुळे औषध म्हणून निरुपयोगी. पण रिसेप्टरच्या एकाच उपप्रकाराला तो इतका नेमका चिकटतो की ऊतकात तो उपप्रकार आहे की नाही, हे त्याच्याकडून कळतं. इतर प्रयोगशाळा त्यासाठी तो अजूनही मागवतात. बाटली उणे 20 अंशांच्या फ्रीझरमध्ये आहे, चिठ्ठीवर माझंच अक्षर. मागणी आली की दोन मिलिग्रॅम मी स्वतः तोलून पाठवते.