बातमीदार

खानापूर तालुक्यातून एका मराठी दैनिकाला मी बावीस वर्षे बातम्या पाठवत होतो. पेशा शिक्षकाचा, शाळा सुटली की बातमी लिहायची, पाकिटात घालायची आणि बेळगावला जाणाऱ्या शेवटच्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती द्यायची. पहिल्यांदा ओळखपत्र मिळाले तेव्हा त्यावरचा ‘बातमीदार’ हा शब्द वाचून आजोबा हसले होते, कारण त्यांच्या पिढीच्या बोलण्यात बातमीदार म्हणजे पोलिसांना खबर पुरवणारा माणूस. मराठेशाहीत बातमी काढणे हे हेराचेच काम होते. वर्तमानपत्रे पुष्कळ नंतर आली आणि त्यांनी नवा शब्द शोधण्याऐवजी हाच शब्द उचलला.

गेल्या पावसाळ्यात, आमच्याकडे वीज गेली की चार-चार दिवस येत नाही अशा दिवसांत, माल्कम मगरिज या इंग्रज पत्रकाराचे दोन खंडांचे आत्मचरित्र मी बॅटरीच्या दिव्यावर वाचून काढले. हा माणूस बातमीदार या शब्दाच्या दोन्ही अर्थांत चपखल बसतो. १९०३ साली क्रॉयडन येथे जन्म, केंब्रिजचे शिक्षण, नंतर १९२४ ते १९२७ त्रावणकोर संस्थानातील आलुव्याच्या युनियन ख्रिश्चन कॉलेजात अध्यापन. तिथूनच युद्ध आणि शांतता या विषयावर गांधीजींशी त्याचा पत्रव्यवहार झाला, त्यातून त्याचे लेखन ‘यंग इंडिया’त छापून आले आणि लेखणीची गोडी लागली ती लागलीच. पुढे ‘मँचेस्टर गार्डियन’, मॉस्को, जिनिव्हा, कलकत्त्याचा ‘स्टेट्समन’, आणि सिमल्यात अमृता शेरगिलशी प्रेमप्रकरण. तिने रंगवलेले त्याचे व्यक्तिचित्र मागे राहिले. नोकरी, देश, मते यांपैकी काहीच त्याला फार काळ धरून ठेवता आले नाही.

युद्ध सुरू झाल्यावर तो लष्कराच्या गुप्तवार्ता दलात गेला आणि १९४२ साली एमआय-सिक्स या ब्रिटनच्या परदेशी हेरसंस्थेने त्याला उचलले. अदृश्य शाईने कसे लिहावे याच्या धड्यांत पक्ष्यांची विष्ठा हाही एक पदार्थ होता, हे तो आत्मचरित्रात गमतीने सांगतो. त्याची नेमणूक झाली लोरेन्सो मार्केस या बंदरावर, म्हणजे मोझांबिकच्या आजच्या मापुतो शहरात. मोझांबिक पोर्तुगालच्या ताब्यात आणि पोर्तुगाल युद्धात तटस्थ, त्यामुळे तिथे ब्रिटिश, जर्मन आणि इटालियन या तिन्ही देशांच्या वकिलाती राजरोस चालू होत्या. मगरिज कागदोपत्री उपवाणिज्यदूत होता. जर्मनांचा लेओपोल्ड व्हेर्ट्स आणि इटलीचा कांपीनी हे त्याचे प्रतिस्पर्धी, आणि पोलाना नावाच्या एकाच आलिशान हॉटेलात या मंडळींचा वावर. खाली समुद्रात मोझांबिकच्या सामुद्रधुनीतून दोस्तांची मालवाहू जहाजे इजिप्त आणि हिंदुस्थानकडे जात, आणि कोणते जहाज केव्हा निघाले ही बातमी शत्रूच्या पाणबुड्यांपर्यंत पोचू न देणे हे त्याचे मुख्य काम होते. लंडनमधून या कामावर देखरेख करणारा अधिकारी होता किम फिल्बी. पुढे हाच फिल्बी रशियाचा हेर निघाला, आणि १९६३ साली बैरूतहून पसार झाला तेव्हा तोही एका इंग्रजी वृत्तपत्राचा बातमीदार म्हणूनच तिथे राहत होता.

सीमाभागातल्या माणसाला हे बंदर परके वाटू नये असे एक जहाज या कथेत आहे. २८ नोव्हेंबर १९४२ रोजी इटालियन कैद्यांना दक्षिण आफ्रिकेकडे नेणारे ‘नोव्हा स्कॉशिया’ हे ब्रिटिश जहाज यू-१७७ या जर्मन पाणबुडीने बुडवले. ८५८ माणसे मेली आणि त्यांतली बहुतेक जर्मनीच्याच मित्रराष्ट्राची होती. वाचलेल्यांना समुद्रातून उचलून लोरेन्सो मार्केसला आणले ते ‘अफोन्सो द आल्बुकर्क’ या पोर्तुगीज युद्धनौकेने. एकोणीस वर्षांनी, गोवामुक्तीच्या कारवाईत, १८ डिसेंबर १९६१ रोजी हीच नौका मुरगावच्या बंदरात उभी होती आणि ‘बेतवा’ व ‘बियास’ या भारतीय नौकांच्या तोफांनी तिला निकामी केले. त्याच सकाळी बेळगावजवळच्या आमच्या सांबऱ्याच्या धावपट्टीवरून उडालेल्या हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र उडवले. त्या वर्षी बेळगावात लहान असलेल्या माणसांकडून त्या विमानांच्या आवाजाचे वर्णन मी कितीदा ऐकले आहे; पण बुडणाऱ्यांना वाचवणारी नौका तीच, हे मला या वाचनानंतर कागद चाळताना कळले आणि पुस्तक बाजूला ठेवून मी बराच वेळ पाऊस बघत बसलो.

तटस्थ बंदर म्हणजे काय, हे खरे तर आमच्याकडच्या कॅसलरॉकच्या जुन्या रेल्वे नोकरांना सांगायची गरज नव्हती. ब्रिटिश मुलूख तिथे संपे आणि पोर्तुगीज हद्द सुरू होई. घाटाखाली कुळ्याला दुसरे राज्य, दुसरा कस्टम, दुसरे पोलीस. माझे एक मामा तिथल्या मालधक्क्यावर कारकून होते. गाडी थांबली की डब्यातून उतरणाऱ्याचे बूट बघायचे, असे ते सांगत. बूट नवे आणि कपडे जुने असले तर माणूस गोव्याहून आला आणि काहीतरी आणले, हा त्यांचा ठोकताळा. याच कॅसलरॉकच्या जंगलात पुढे लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई यांनी गोवामुक्तीचे भूमिगत नभोवाणी केंद्र चालवले. नोव्हेंबर १९५५ मध्ये ते आंबोलीच्या रानात सुरू झाले, नंतर कॅसलरॉकला हलले आणि मुक्तीपर्यंत बोलत राहिले. लिबियाबाईंनी महायुद्धाच्या काळात मुंबईला सेन्सॉर खात्यात इटालियन युद्धकैद्यांची पत्रे वाचण्याची नोकरी केली होती. मगरिज आफ्रिकेच्या किनाऱ्यावर इटालियन दूताच्या मागावर होता त्याच युद्धात या गोवेकर मुलीच्या टेबलावर इटालियन पत्रे उघडी पडत होती. २०२५ साली, वयाच्या शंभरीत, त्यांना पद्मश्री मिळाली.

मगरिजला आपल्या कामाबद्दल फारसा आदर उरला नाही. कांपीनीने रोमला पाठवलेल्या सांकेतिक तारा ब्रिटिश फोडत असत आणि त्यांतला मजकूर मगरिजपर्यंत येई. म्हणजे समोरच्या टेबलावर जेवणारा माणूस वरिष्ठांना काय लिहितो हे त्याला वाचायला मिळत होते. राजनैतिक अधिकारी आणि हेर हे पत्रकारांपेक्षाही थोर खोटारडे असतात, असा त्याचा स्वानुभवाचा निर्वाळा आहे. अशा उदास दिवसांत एका रात्री जीव द्यायच्या इराद्याने तो समुद्रात शिरला, आणि किनाऱ्यावरच्या कॅफेचे दिवे दिसल्यावर परत फिरला. ती दोन-तीन पाने त्याने जितक्या साधेपणाने लिहिली आहेत तितके साधे त्याचे दुसरे काहीच नाही. एरवी त्याला स्वतःच्या वाक्यांचे कौतुक जरा जास्तच असते.

हेरांच्या अहवालांची किंमत मला पटली ती मात्र घरच्या अनुभवाने. १ नोव्हेंबरला, सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाची, काळ्या दिनाची फेरी निघाली की मी वही घेऊन उभा असे आणि माझ्या शेजारी साध्या वेशातला एक हवालदारही छोटी वही घेऊन उभा असे. वर्षानुवर्षांच्या सहवासाने आमची ओळख झाली होती. चहा कधी तो पाजी, कधी मी. एका वर्षी मी वहीत ‘सुमारे तीन हजार’ असे लिहिले तेव्हा तो डोकावला आणि म्हणाला, “गुरुजी, तीन हजार जास्त होतात की हो.”

“मग तुम्ही किती धरलाय, हवालदारसाहेब?”

“मी कुठं मोजतोय? तुम्ही लिहिलासा की मी लिहिणार. अडीच करूया, कुणाला त्रास नको.”

मी अडीच केले. चौथ्या दिवशी दुसऱ्याच एका वर्तमानपत्रात ‘गुप्तचर सूत्रांच्या माहितीनुसार अडीच हजार’ असे छापून आले, आणि आमच्या संपादकांनी माझा आकडा सरकारी आकड्याशी तंतोतंत जुळल्याबद्दल फोन करून शाबासकी दिली. मोजणी कोणीच केली नव्हती. लोरेन्सो मार्केसची प्रकरणे वाचताना तो हवालदार माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

पण मगरिजने स्वतः पाहून, स्वतः मोलाचे ठरवून पाठवलेली एक बातमी होती, आणि ती त्याच्या हेरगिरीच्या नऊ वर्षे आधीची. १९३३ च्या सुरुवातीला परवानगी न काढता तो रेल्वेने युक्रेन आणि उत्तर कॉकेशसमध्ये गेला. सरकारने धान्य उचलून नेल्यामुळे सुपीक मुलखात शेतकरी उपाशी मरत होते. रशियन सेन्सॉरच्या हाती पडू नये म्हणून त्याने तीन लेख ब्रिटिश वकिलातीच्या टपालातून बाहेर पाठवले, आणि मार्चच्या अखेरीस ते ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये त्याच्या नावाशिवाय छापले गेले. त्याच आठवड्यात ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा मॉस्कोतला प्रतिनिधी वॉल्टर ड्युरांटी याने लोक भुकेले असतील पण उपासमार नाही अशी बातमी दिली; आदल्या वर्षीच त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले होते, त्यामुळे शब्द त्याचा चालला. मगरिजची नोकरी गेली. त्याच्या बायकोची मावशी बिएट्रिस वेब, नावाजलेली समाजवादी विदुषी, तिनेही भाच्या-जावयावर विश्वास ठेवला नाही आणि १९३५ साली नवऱ्याबरोबर रशियन व्यवस्थेला नवी संस्कृती ठरवणारा जाडजूड ग्रंथ काढला.

युद्धानंतर तो ‘डेली टेलिग्राफ’मध्ये मुख्य संपादकाच्या खालोखालचा संपादक झाला, १९५३ ते १९५७ ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाचा संपादक होता, राणीवर टीका केल्यामुळे काही काळ बीबीसीने त्याला दूर ठेवले, आणि नंतर त्याच बीबीसीने त्याला घरोघरी पोचवले. यातले बरेच मी भराभर उलटले.

१९६९ साली तो पुन्हा कलकत्त्याला गेला, मदर तेरेसांवर माहितीपट करायला. कालीघाटच्या ‘निर्मल हृदय’मध्ये, जिथे मरणासन्न माणसांना आणून ठेवत, उजेड इतका कमी होता की चित्रण होणार नाही असे कॅमेरामन केन मॅकमिलन याला वाटत होते. तरी त्याने केले, आणि धुऊन आलेल्या फिल्ममध्ये आतला भाग मऊ प्रकाशात न्हालेला दिसला. मगरिजने हा दैवी प्रकाश आहे, प्रत्यक्ष चमत्कार आहे असे जाहीर केले आणि १९७१ च्या पुस्तकातही तसे लिहिले. कोडॅकची नवी, कमी उजेडात चालणारी फिल्म आपण तेव्हा प्रथमच वापरली होती, एवढेच मॅकमिलनचे म्हणणे होते. ते म्हणणे फारसे कोणी ऐकले नाही. पुस्तक जगभर गेले, १९७९ साली मदरना नोबेल मिळाले, आणि १९८२ साली, एकोणऐंशीव्या वर्षी, मगरिज कॅथलिक झाला.

युक्रेनची बातमी लिहिणारा आणि हा प्रकाश पाहणारा माणूस एकच कसा, यावर माझा आणि माझ्या मुलाचा वाद झाला. मुलगा म्हणतो म्हाताऱ्याची नजर गेली होती. मला वाटते, त्याला आयुष्यभर एक तरी बातमी अशी हवी होती की जी लोक मानतील, आणि ती मिळाल्यावर त्याने कॅमेरामनकडे पुन्हा चौकशी केली नाही. तो १९९० साली वारला आणि तो मजकूर त्याने मागे घेतला नाही. माझ्या कात्रणांच्या वहीत ते अडीच हजारही अजून तसेच चिकटवलेले आहेत. त्याच्या बाजूला पेन्सिलीने काही लिहावे असे दोनदा मनात आले, आणि दोन्ही वेळा मी पान उलटले.