न फळलेला नवस

"विठ्ठला, माझ्या भावाला बरं कर, मी आळंदीहून पायी येईन." दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून मी हा नवस बोलले होते. त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. अकरा महिने आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि मग तो गेला. एकतिसाव्या वर्षी.

तरी मी पिशवी भरायला घेतली, तेव्हा आई म्हणाली, "त्यानं त्याचं केलं नाही, तू कशाला तुझं करतेस?" मला उत्तर देता आलं नाही. जन्मभर एकादशी धरणारी माझी आई, भाऊ गेल्यापासून तिने उपास सोडलाय. पुन्हा धर, असं मी तिला एकदाही म्हटलं नाही.

भाऊ गेला तेव्हा घरी येणारा जो तो देवाच्या वतीने बोलत होता. मागच्या जन्मीचे भोग. देवाला जो आवडे तो... देव परीक्षा बघतो. बोलणाऱ्यांच्या पोटात माया होती, हे खरंच. पण लेकाच्या हाताची चाळण करून आईची परीक्षा बघणारा देव असेल, तर त्याच्यापुढे मला हात जोडता यायचे नाहीत.

लोणंदच्या अलीकडे माझ्या टाचेला रुपयाएवढा फोड आला. दिंडीतल्या परभणीकडच्या आजींनी डोक्यावरची तुळस खाली ठेवली, पिशवीतून सुई काढली, दोरा ओवला आणि फोडातून आरपार नेला. दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं कापली. "ऱ्हाऊ दे तसाच. पाणी निथळंल. वरचं कातडं काढू नको, माय." त्या दोऱ्यावरून थेंब थेंब पाणी उतरत होतं. ते बघत मी भावाचं सगळं सांगितलं. मग कळलं, त्यांचा थोरला विहिरीत बुडून गेलेला.

"तरी येता?"

"येते की. घरी कुणापुढं बोलू? त्याच्यापुढंच बोलते. सतरा वर्सं झाली."

दुसऱ्या दिवशी तरडगावच्या तळावर समाजआरतीला, म्हणजे मुक्कामी सगळ्या दिंड्या मिळून करतात त्या आरतीला, मी पहिल्यांदा नीट लक्ष दिलं. चोपदारांनी हातातला चोप, म्हणजे मानाचा दंड, उंचावला, "होऽऽ" केलं आणि हजारो टाळ एका क्षणात गप्प झाले. एका दिंडीचे मात्र वाजतच राहिले. आजींनी सांगितलं, ज्यांची तक्रार असते ते टाळ थांबवत नाहीत. चोपदार गर्दीतून वाट काढत त्यांच्यापाशी गेले. पाण्याचा टँकर पोचला नव्हता. ते ऐकून घेतलं, तेव्हा टाळ थांबले. मग हरवलं-सापडलं पुकारलं आणि नंतर आरती. म्हणजे आरतीच्या आधी गाऱ्हाणं! माउलींच्या दारात ही रीतच आहे, आणि मी इतके महिने माझा राग पाप समजून गिळत होते. त्या रात्री राहुटीत पडल्या पडल्या मी विठ्ठलाला जे जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण कितीतरी दिवसांनी मी त्याच्याशी बोलले.

पुढे वाटेत तुकोबांची एक ओळ डोक्यातून जाईना. १६३० च्या दुष्काळात त्यांची थोरली बायको भुकेने गेली. "स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली", एवढंच ते सांगतात. का मेली, देवाने का मारली, काही नाही. थोडं पुढे सांगतात की देवाचं देऊळ भंगलं होतं, ते दुरुस्त करावंसं मनात आलं. हे मी आधीही वाचलं होतं. चालताना ते वेगळं लागलं. तुकोबांनी देवाची वकिली केली नाही, आणि त्याचं घरही पडू दिलं नाही.

पंढरपुरात पदस्पर्शाच्या रांगेत उभं राहायचं पायांत त्राण नव्हतं. नामदेव पायरीशी टेकले, चोखोबांच्या समाधीवर डोकं ठेवलं, कळसाकडे बघून हात जोडले. वाळवंटात येऊन आईला फोन लावला.

"काय म्हणाला?" तिने विचारलं.

"काही नाही. मीच बोलले."

ती बराच वेळ गप्प. तुळशीची माळ आणू का, विचारलं तर नको म्हणाली. मग फोन ठेवता ठेवता, "चुरमुरे आण थोडे. त्याला आवडायचे."