नॅशनल ९७, लोकल ७८

सध्या इथं अमेरिकेत देसी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच रडगाणं चालू आहे. पोराला कॉगॅटमध्ये (शाळेत होणारी बौद्धिक क्षमतेची टेस्ट) नॅशनल पर्सेंटाइल ९७ आणि लोकल ७८, म्हणजे गिफ्टेड प्रोग्रॅममधून (हुशार मुलांच्या खास वर्गातून) पत्ता कट. केवढा अन्याय वगैरे वगैरे.

अहो पण पेपर एकच आहे ना! पोराचा स्टँडर्ड एज स्कोअर (वय धरून काढलेले गुण, सरासरी १००) १३० असेल तर तो १३०च राहतो, बदलते ती रांग. नॅशनल म्हणजे अख्ख्या अमेरिकेतल्या त्याच्या वयाच्या मुलांत तो कुठे, लोकल म्हणजे त्याच्याच शाळेत किंवा स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (त्या भागातल्या सरकारी शाळांच्या गटात) कुठे. आता आपणच सगळ्यांनी शाळांची रेटिंग बघून, वर पैसे मोजून एकाच भागात घरं घेतली, मग तिथं रांग दाटणारच की!

मला स्वतःला लोकल नॉर्म, म्हणजे अशी जवळच्याच मुलांशी तुलना करून निवडायचा निकष, पटतो. न्यूयॉर्कमध्ये चार वर्षांच्या पोरांची गिफ्टेडसाठी टेस्ट घ्यायचे, नॅशनल ९० आलं तर डिस्ट्रिक्टच्या प्रोग्रॅमला पात्र, ९७ आलं तर सिटीवाइडला (अख्ख्या शहरासाठीच्या प्रोग्रॅमला), आणि ब्राँक्सच्या काही भागांत वर्ग सुरू करण्याइतकीसुद्धा मुलं निघायची नाहीत. तिथं हुशार पोरं नव्हती असं थोडंच आहे, प्रेपचे क्लास लावणारे आईबाप नव्हते. २०२१ मध्ये ती टेस्टच गेली. व्हर्जिनियात फेअरफॅक्स काउंटीनंही सगळ्यांना एकच कटऑफ लावायचं सोडून प्रत्येक शाळेतली वरची मुलं बघायला सुरुवात केली. ज्या वर्गात बाकीची मुलं अजून अक्षरं जुळवतायत तिथं जाडी पुस्तकं वाचणारं पोर खरं एकटं पडतं, आपल्या शाळेत ९७ वाल्याला तसलेच वीसजण सोबतीला असतात आणि टीचरही त्याच वेगानं शिकवते.

खटकतं ते दोनच गोष्टींत. एक, लोकल नॉर्मनं मुलं निवडायची आणि मग वेगवेगळ्या शाळांतून बसनं आणून एका सेंटरमध्ये एकत्र बसवायची, तिथं एक ११८ स्कोअरवाला नि एक १४० वाला, टीचरनं करायचं काय? प्रोग्रॅम त्याच शाळेत चालत असेल तरच हा हिशोब जुळतो. दुसरं, शाळा लहान असेल, दुसरीत चाळीसच मुलं असतील तर वरचे १० टक्के म्हणजे चारजण, एक पोर नवीन आलं की एकाचा नंबर गेला. मेरीलँडमध्ये माँटगोमेरी काउंटीनं साधारण सारख्या आर्थिक परिस्थितीच्या शाळांचे गट करून नॉर्म काढले होते, ते मला जास्त शहाणपणाचं वाटलं.

आणि अपील करणाऱ्यांनो, रिपोर्टवर एज पर्सेंटाइल आणि ग्रेड पर्सेंटाइल वेगवेगळे असतात, पोर वर्गात वयानं लहान असेल तर एजचा आकडा चांगला दिसतो. शाळेनं त्यातला कुठला धरलाय ते आधी विचारा, मग भांडा.