तिसरी फीत

फ्लेक्सच्या धंद्यात वाढदिवस, निवड, लग्न आणि श्रद्धांजली, बाकी काही नसतं, आणि चारही अर्जंटच. पण हे एक काम डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय.

दुकान गेवराईत. जवळच्या गावचा जवान लडाखमधे ड्युटीवर असताना गेला. पार्थिव विमानाने चिकलठाण्याला, तिथून पाचोड, शहागडमार्गे गावी, असं कळलं तसे फोन सुरू. गावच्या पोरांनी वर्गणी करून 20 बाय 10 चा सांगितला. फोटो पाठवला तो स्टेटसचा स्क्रीनशॉट, वर बॅटरी दिसतेय! डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फुटतो फोटो, हे किती वेळा सांगायचं. शेवटी त्याच्या एका फौजी दोस्ताकडून ओरिजनल आला. पोरांना तिरंग्याच्या पांढऱ्या पट्ट्यावर नाव पाहिजे होतं, म्हटलं ध्वजसंहितेत बसत नाही, नाव खाली वेगळं घेऊ. नेटवरचा तिरंगाही मी वापरत नाही, कितीकांच्या चक्रात 24 आरे नसतातच, माझा मी कोरल या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमधे काढून ठेवलाय.

तेवढ्यात एका पुढाऱ्याचा पीए. साहेब हात जोडलेले, वर गोलात कार्यकर्ते, आणि जवान "कोपऱ्यात बसतो का बघ". मी गुपचूप जवान मोठा करून प्रूफ पाठवलं तर लगेच मेसेज, साहेब लहान झाले.

रात्री प्रिंटला टाकणार तर गावातले रिटायर सुभेदार आबा आले, स्क्रीनला नाक लावलं. "बाहीवर दोनच फिती हायेत. पोरगं हवालदार झालं होतं, तीन पाह्यजेत." फोटो नायक असतानाचा, म्हणजे हवालदाराच्या खालच्या हुद्द्यावरचा. प्रमोशननंतर तो सुट्टीवर आलाच नव्हता, नवा फोटो कुणाकडंच नाही. मग बसलो. खालची फीत कॉपी करून सरकवली, पण तिथं कापडाला चुणी, सरळ फीत चिकटवल्यासारखी दिसायला लागली, ती चुणीबरोबर वळवली, कडेला शिवणीची सावली ब्रशनं ओढली, आबा मागून "जरा वर घे" म्हणतायत. पुढाऱ्यांचे केस काळे करणं, ढेरी आत घेणं रोजचंच, त्याचं कधी काही वाटलं नाही. ही फीत तर खरी होती, आणि हात इथंच अडखळत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ सांगितलेली, गाडी आली दुपार कलल्यावर. सोयाबीनची मळणी सोडून माणसं फाट्यावर उभी, बायांनी फाट्यापासून गावापर्यंत सडा-रांगोळी केलेली, शाळेची लेकरं झेंडे घेऊन उन्हात, दुकानं आपोआप बंद. एकानं तोडलेला झेंडू मार्केटला न नेता ट्रॉली तशीच रस्त्यावर आणली. मोबाईलवाले होतेच, ताफ्यात गाडी घुसवणारेही होते. पण मिलिटरीची गाडी वळली आणि "अमर रहे" असं उठलं की माझ्या शेजारचा पोलीसवाला गर्दी मागं सारायची सोडून सॅल्यूट करून उभा राहिला. अग्नी द्यायच्या आधी तिरंगा काढून घडी करून जवानाच्या बायकोच्या हातात दिला.

पुढच्या आठवड्यात जवानाचा मेव्हणा दुकानात. तोच फोटो फ्रेममधे पाहिजे, तीन फितींचा. करून दिला, पैसे घेतले नाहीत, पुढाऱ्याचं बिल अजून यायचंच आहे. जाताना म्हणाला, "ताई इचारतीय, हा फोटो कधी काढला होता त्यांनी? आमच्याकडं नव्हता."

मी म्हटलं, आबांना विचारा.