साध्या कॅमेऱ्याने टिपलेला मृगातील तेजोमेघ: माझा अनुभव

गोवा साधारण 15 अंश उत्तर अक्षांशावर असल्याने ध्रुवताराही क्षितिजापासून तेवढाच वर दिसतो. सांगे तालुक्यात तो डोंगराआड किंवा माडांआड सहज लपतो. म्हणून ट्रॅकरचा, म्हणजे ताऱ्यांच्या गतीबरोबर कॅमेरा फिरवणाऱ्या यंत्राचा, अक्ष ध्रुवताऱ्याच्या दिशेने जुळवण्यासाठी उत्तरेकडे मोकळी असलेली जागा मी दिवसाउजेडीच हेरून ठेवली. याच अक्षांशामुळे डिसेंबरात मध्यरात्रीच्या सुमारास मृग नक्षत्र जवळजवळ 70 अंश वर चढते आणि त्रिकांडाजवळचा एम 42 हा तेजोमेघ (वायू आणि धुळीचा उजळ ढग) क्षितिजालगतच्या दमट हवेतून सुटतो.

135 मिमी लेन्सने 30 सेकंदांच्या रॉ फ्रेम, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली छायाचित्रे, घेतल्या. शेवटी लेन्सला झाकण लावून तितक्याच वेळेच्या आणि त्याच आयएसओच्या (संवेदनशीलतेच्या) डार्क फ्रेमही नंतर वजा करण्यासाठी तिथेच घेतल्या, कारण सेन्सरचा नॉइज (चित्रात उमटणारी खोटी खरखर) तापमानाप्रमाणे बदलतो आणि आपल्याकडची हिवाळी रात्रही फारशी थंड नसते.

संगणकावर सिरिल या मोफत प्रणालीत डार्क फ्रेम वजा करून आकाशाच्या फ्रेम एकमेकींवर जुळवून त्यांची सरासरी काढली. शंभर फ्रेम रचल्या की विस्कळीत नॉइज सुमारे एक दशांशावर येतो. तरीही हाती येणारे चित्र जवळजवळ काळेच दिसते आणि लगेच उजेड वाढवण्याचा मोह होतो. पण त्याआधी पार्श्वभूमी सपाट करणे फार आवश्यक आहे. माझ्या चित्रात मडगावच्या बाजूने पिवळसर झाक पसरली होती. ती काढण्यासाठी रिकाम्या आकाशावर नमुन्याचे ठिपके ठेवायचे असतात. तेजोमेघाच्या फिकट कडेवर एक जरी ठिपका पडला, तरी ती कडच शहराचा उजेड समजून वजा होते. म्हणून आपोआप पडलेले ठिपके मी चित्र मोठे करून एकेक तपासले आणि संशयास्पद वाटले ते काढून टाकले.

नंतर हिस्टोग्राम (चित्रातील उजेडाच्या वाटणीचा आलेख) थोडाथोडा ताणत चित्र उजळत गेलो. हायड्रोजनचा 656.3 नॅनोमीटरचा लाल प्रकाश साध्या कॅमेऱ्यातील फिल्टर बराचसा अडवतो, त्यामुळे तेजोमेघ गुलाबीसर येतो. तो ओढूनताणून लालभडक करणे मला अप्रामाणिक वाटते, म्हणून रंग तसाच ठेवला. जास्त उजेडाने पांढरा पडलेला तेजोमेघाचा गाभा मात्र 5 सेकंदांच्या वेगळ्या फ्रेममधून घेऊन मऊ कडेच्या मास्कने (चित्राचा ठरावीक भागच बदलू देणाऱ्या झाकणाने) बसवला आणि जोड कुठे दिसेनासा होईपर्यंत मास्कची कड रुंदावत नेली.