गॅस आणायला गेलेला गॅस

मी रत्नागिरीत एका गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिस ॲडव्हायझर आहे. नाव मोठं वाटतं पण काम म्हणजे सकाळी नऊपासून लोकांच्या तक्रारी जॉबकार्डवर लिहून घेणं आणि संध्याकाळी त्याच लोकांना बिल समजावून सांगणं. बारा वर्षांत सगळ्यात जास्त वेळा लिहिलेलं वाक्य एकच, "गाडी ॲव्हरेज देत नाही". आणि माझं ठरलेलं उत्तरही एकच, काका तुम्ही क्लच दाबून चालवता. दहातल्या आठांना ते लागू पडतं, उरलेले दोन भांडतात.

मागच्या मे मधे असे एक भांडणारे काका आले, सोबत काकी. आडिवऱ्याच्या पुढे आत त्यांची वाडी. वर्षभरापूर्वी जुनी पेट्रोल गाडी विकून सीएनजीची नवी घेतली होती, विकताना सेल्सवाल्या पोराने किलोला ३३ किलोमीटरचं ॲव्हरेज सांगितलं होतं आणि काकांना मिळत होतं २१. मी नेहमीप्रमाणे सुरू केलं की काका तो आकडा प्रयोगशाळेतला, तिथे गाडी रोलरवर उभी करून चालवतात, एसी बंद, ना खड्डा ना घाटी, ना तुमच्या सड्यावरचा, उघड्या माळावरचा वारा. काका म्हणाले, "मग तुमच्या रोलरवर चालवून दाखवा ३३. पण आज निकाल लावूनच जाणार." मागे काकी शांत उभ्या, हातात कापडी पिशवी.

आता सीएनजीची टेस्ट घेणं हा वैताग असतो. पेट्रोलचं सोपं, टाकी फुल करा, चालवा, त्याच पंपावर त्याच नोझलने परत फुल करा, भागाकार करा. गॅसचं तसं नाही. भरताना गॅस गरम होतो, गरम गॅस प्रेशर लवकर दाखवतो, मशीन २०० बारला थांबतं आणि प्रत्यक्षात वजनाने गॅस कमीच बसलेला असतो, वर पंपाला मागूनच प्रेशर कमी असेल तर २०० पण गाठत नाही. म्हणून रिक्षावाले सकाळी थंडात लाइन लावतात. पण मॅनेजर म्हणाले जा बाबा घेऊन, दिवस घाल पण जॉबकार्ड क्लोज कर.

आधी गाडी लिफ्टवर घेतली. चारही चाकं हाताने फिरवून बघितली, ब्रेक जॅम नाही. एअर फिल्टर काढला तर बाहेरच्या बाजूने जांभ्याच्या धुळीने लालभडक, आपटला तर खाली रांगोळी पडली. पुढच्या टायरमधे हवा २४, जिथे ३३ पाहिजे. काकांना विचारलं तर म्हणे मुद्दाम कमी ठेवतो, खड्ड्यात मऊ लागतं. मला मनातून आनंद झाला, सापडलं म्हटलं कारण! फिल्टर बदलला, हवा मारली, आणि आम्ही दोघं पंपावर.

पंपावर एक गोष्ट तेव्हाच लक्षात यायला हवी होती ती आली नाही. लाइनीत पंचवीसेक रिक्षा, आणि त्यातला निम्मा माणूस काकांना ओळखत होता. "काय काका, आज परत?" "काका, काल येणार होतात ना?" सीएनजी भरताना गाडीतून सगळ्यांना उतरवतात, त्या वेळात काकांनी दोघांची तंबाखू मळली, एकाच्या पोराच्या ॲडमिशनची चौकशी केली आणि जयगडच्या एका बोटीचा किस्सा पूर्ण केला. मी घड्याळ बघत होतो. तास गेला.

मग हायवेला गेलो, हातखंबा करून पालीच्या थोडं पुढे आणि परत. एसी बंद, मी चालवतोय, सत्तरच्या वर नाही, काकींना आणि पिशव्यांना वर्कशॉपमधेच बसवलं होतं. ५१ किलोमीटर झाले, परत भरला तर १.७४ किलो. म्हणजे २९ च्या वर. मी मोबाइलचा कॅल्क्युलेटर काकांसमोर धरला, जिंकलोच म्हटलं.

काका म्हणाले, "ही तुमची वाट झाली. आता माझ्या वाटेने चला."

खरं सांगायचं तर बारा वर्षांत हे मला कोणी म्हटलं नव्हतं. आम्ही टेस्ट घेतो ती कायम हायवेला, कस्टमरला आकडा दाखवतो, तो गप्प होतो, आणि गाडी परत त्याच्या वाडीत गेली की त्याचं तेच. मॅनेजरना फोन केला, ते वैतागले, पण गेलो.

आधी मार्केटला थांबलो. काकी घरी कोकम आगळ, सरबत, आंबापोळी, फणसपोळी करतात, आठवड्यातून एकदा रत्नागिरीतल्या दुकानांना माल टाकतात आणि जाताना सामान नेतात. त्या दिवशी साखरेच्या पन्नास-पन्नास किलोच्या दोन गोण्या आणि रिकाम्या बाटल्यांचे क्रेट. मी सवयीने डिकी उघडली आणि हसूच आलं, आत सिलिंडर, त्याच्या बाजूला जेमतेम छत्री मावेल. म्हणून टपावर कॅरियर. म्हणजे बघा, पैसे वाचवायला गॅसची गाडी घेतली, गॅसने डिकी खाल्ली, डिकी गेली म्हणून कॅरियर बसवला आणि कॅरियरवरच्या वजनाने गॅस जास्त जायला लागला. वळणावळणाच्या रस्त्याला वाऱ्याचा तेवढा त्रास नाही म्हणा, स्पीडच नसतो, पण टपावर क्रेट असले की वळणाला ब्रेक जास्त, आणि ब्रेक मारला म्हणजे परत उचलायला गॅस आलाच.

भाट्याचा पूल ओलांडला, पावस गेलं, पूर्णगडचा पूल, कशेळी. ज्यांनी हा रस्ता केलाय त्यांना सांगायला नको, खाडीला उतरायचं, सड्यावर चढायचं, परत उतरायचं. काका चालवत होते. चांगले चालवतात हो, क्लचवर पाय नाही, माझं ठरलेलं उत्तर तिथेच बाद. फक्त प्रत्येक चढाला बटण दाबून पेट्रोलवर टाकायचे कारण गॅसवर गाडी ओढत नाही, आणि सपाटीला आलं की परत गॅस. म्हणजे सगळ्यात जास्त खाणारा तुकडा महागाच्या इंधनावर! मी म्हटलं आज टेस्ट आहे, आज अख्खं गॅसवर. मग दुसऱ्या गिअरमधे रडत रडत चढली.

घरी पोचलो तर दीड वाजलेला. कुळथाची पिठी, भात, सुकटीची कोशिंबीर. जेवण झाल्यावर काकींनी सकाळपासून धरलेली ती कापडी पिशवी उघडली आणि आतून लाँगबुक काढली.

मी गाड्यांच्या धंद्यात इतकी वर्षं, असा हिशोब बघितला नाही. आपण सगळे म्हणतो लिटरला किती, काकी लिहितात फेरीला किती. जुन्या गाडीच्या पानांवर "रत्नागिरी फेरी, साडेपाच लिटर", "राजापूर बँक, चार लिटर", असं. आणि हेच बरोबर आहे, कारण लिटरला किती या आकड्याने आपण फसतो. १० देणारी गाडी सोडून १५ वाली घेतली आणि २० वाली सोडून २५ वाली घेतली, दोन्हीकडे पाचच वाढले, पण हजार किलोमीटरला पहिल्यात ३३ लिटर वाचतात आणि दुसऱ्यात फक्त १०. शोरूममधे हे कोणी सांगत नाही, मीही कधी सांगितलं नव्हतं.

मी पानं चाळत होतो. जुन्या गाडीचा सरासरी महिना: चार रत्नागिरी फेऱ्या, बाकी इकडे तिकडे, मिळून ४५० किलोमीटर, २८ लिटर पेट्रोल. सोप्पं पडावं म्हणून पेट्रोल १०५ आणि गॅस ९० धरला, तर साधारण २९५० रुपये. नव्या गाडीचा एप्रिल: ३८ किलो गॅस, ९ लिटर पेट्रोल, म्हणजे ४३६५ रुपये. स्वस्त गाडी घेऊन महिन्याला चौदाशे रुपये जास्त! काकी म्हणाल्या, "हेच विचारायला आलो होतो. हे ३३ आणि २१ काय ते यांचं. मला हे सांगा, पैसे गेले कुठे?"

मी किलोमीटर बघितले. एप्रिलमधे ९२४. दुपटीच्या वर.

मग तारखा बघितल्या. घरापासून पंपापर्यंत जाऊन येऊन ८६ किलोमीटर, एप्रिलमधे अशा फेऱ्या नऊ. काकींच्या मालाच्या चार. उरलेल्या पाचांपुढे बारीक अक्षरात फक्त "गॅस". मी काकांकडे बघितलं, काका पडवीतल्या मांजराकडे.

काय व्हायचं, तर डॅशबोर्डवर गॅसचे चार ठिपके असतात. दोन उरले की काकांना झोप नाही. पेट्रोलवर चालवायला जीव होत नाही, संपायच्या आत भरून आणलेला बरा, म्हणून निघायचे. चाळीसेक किलोमीटर जायचं, लाइन लावायची, चारेक किलो बसायचा, परत यायचं. आणि २१ च्या हिशोबाने ८६ किलोमीटरला गॅस लागतो ४.१ किलो. म्हणजे जेवढा आणला तेवढाच आणण्यात गेला. मी वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं, पाच फेऱ्यांचे ४३० किलोमीटर, वीस किलोच्या वर गॅस. महिन्याच्या ३८ किलोतला निम्म्याहून जास्त गॅस हा गॅस आणायला गेला होता.

काकी काही बोलल्या नाहीत. चहा टाकायला आत गेल्या, आणि आतूनच विचारलं, "आणि गॅसची गाडी म्हणून ते पंच्याण्णव हजार जास्त दिले ते कधी फिटायचे?"

हा प्रश्न घेताना विचारायचा असतो, पण ठीक आहे. मी सांगितलं, हीच गाडी पेट्रोलवाली घेतली असती तर तुमच्या रस्त्याला १७ दिलं असतं, किलोमीटरला सव्वासहा रुपये. गॅसवर सव्वाचार. फरक धरा एक रुपया नव्वद पैसे. जुन्या सवयीने ४५० किलोमीटर फिरलात तर महिन्याला साडेआठशे वाचतील, नऊ वर्षांच्या वर लागतील, शिवाय दर तीन वर्षांनी सिलिंडरची टेस्टिंग करायची ती वेगळी. आता फिरताय तसं सव्वानऊशे फिरलात तर साडेचार वर्षं.

काका एकदम ताठ झाले. "बघ! जास्त फिरलं की लवकर वसूल!"

काकी चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या. "म्हणजे पैसे फिटावेत म्हणून फिरत बसायचं?"

मला दोघांचंही बरोबर वाटलं, आणि खरं तर काकांचं चुकीचं आहे हे मला कळत होतं पण लगेच पटवून देता येईना. कारण आमचं अख्खं दुकान काकांच्या बाजूचं आहे. गेल्या वर्षी एका डॉक्टरांना रनिंग नसताना डिझेल घेतलेलं मी बघितलंय, घर ते दवाखाना चार किलोमीटर, बीएस सहाच्या, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांच्या डिझेलला धूर गाळणारा फिल्टर असतो, तो साफ व्हायला गाडी मधूनमधून लांब आणि एका स्पीडला पळावी लागते, यांची गाडी गरम व्हायच्या आत दवाखाना यायचा. फिल्टर चोक. शेवटी ते दर रविवारी फिल्टरसाठी पालीपर्यंत जाऊन यायला लागले. तेव्हा आम्ही वर्कशॉपमधे हसलो होतो.

परत निघालो तेव्हा टपावर आगळाचे कॅन आणि मागच्या सीटवर आंबापोळीचे डबे, वास इतका की भूक नसताना भूक लागली. पंपावर परत तासभर. ८६.४ किलोमीटर, ४.१२ किलो. २१ ला थोडं कमी. म्हणजे काकांचा आकडा पहिल्यापासून बरोबर होता, सकाळचा माझा २९ पण बरोबर होता. जॉबकार्डवर मी "व्हेइकल ओके" लिहिलं, मग विचार करून पुढे "रोड अँड लोड" पण लिहिलं, मॅनेजरना आवडलं नाही.

काका गाडी घेऊन परत चाळीस किलोमीटर गेले, एकटे. निघताना मी सांगितलं, काका हवा ३३ ठेवा, क्रेट उतरवले की कॅरियर पण काढून ठेवा, आणि गॅस फक्त काकींच्या मालाच्या दिवशी, मधे लागलं तर खुशाल पेट्रोलवर चालवा, चार-सहा किलोमीटरला काय जातंय. हो हो म्हणाले. काकींनी घरून निघतानाच सांगून ठेवलं होतं की यांना गप्पा मारायला जायचं असेल तर एसटी आहे, आम्हा दोघांनाही अर्धं तिकीट आहे, गाडीची चावी माझ्याकडे.

जुलैत एकदा भर पावसात त्या पंपावरून जात होतो. लाइन रस्त्यापर्यंत आलेली. पुढच्या एका रिक्षात मागच्या सीटवर काका बसलेले, छत्री बाहेर टेकवून, ड्रायव्हरशी जोरात काहीतरी चाललेलं. मी थांबून विचारलं, काका गाडी कुठाय?

"घरी," काका म्हणाले. "तिला कशाला उगाच. नऊच्या एसटीने आलो, अडीचची आहे परत. हां, मग काय सांगत होतो मी..."