एकाआड एक पट्टी

परभणीच्या मोंढ्यात माझ्या मामांचे आडतीचे दुकान आहे. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची आवक वाढली की त्यांचे मुनीमजी रात्री उशिरापर्यंत पट्ट्या जुळवत बसतात. पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या हाती पडणारा हिशेबाचा कागद: माल किती क्विंटल, भाव काय लागला, हमाली आणि तोलाई वजा जाता रक्कम किती. दुकानातले हिशेबाचे सॉफ्टवेअर हा मजकूर एक्सएमएल फाइलमध्ये, म्हणजे प्रत्येक भागाला कोनी कंसातले नाव (टॅग) लावलेल्या फाइलमध्ये, काढून देते, पण त्यासोबत खातेवही, गोदामातला शिल्लक साठा आणि मागच्या काही वर्षांची सगळी उलाढालही देते. ती फाइल सुमारे ४०० एमबीची होती आणि मामांना तिच्यातल्या फक्त पट्ट्या हव्या होत्या. मी छत्रपती संभाजीनगरात जावा या प्रोग्रामिंग भाषेत काम करतो, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत हे काम आपसूकच माझ्याकडे आले.

फाइलचा सांगाडा साधारण असा होता. मूळ टॅगची नावे इंग्रजी आहेत, इथे मी ती मराठीत लिहितो आहे. एक्सएमएलच्या नियमांनुसार देवनागरी नावे चालतातही, हे फार जणांना ठाऊक नसते.

<हिशेब>
  <खातेवही> … </खातेवही>
  <पट्ट्या>
    <पट्टी क्रमांक="१"> … </पट्टी>
    <पट्टी क्रमांक="२"> … </पट्टी>
  </पट्ट्या>
  <रद्द>
    <पट्टी क्रमांक="३७"> … </पट्टी>
  </रद्द>
</हिशेब>

पट्टी या नावाचा टॅग दोन ठिकाणी येतो, ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढचा सगळा घोळ तिच्याभोवती आहे.

पहिला मोह अर्थातच फाइल मजकूर म्हणून वाचावी, सुरुवातीचा टॅग शोधावा, शेवटचा टॅग शोधावा आणि मधला तुकडा कापून घ्यावा, असा होता. अशा तुकड्याला आपला संदर्भ राहत नाही. आमच्या फाइलमध्ये नेमस्पेसची, म्हणजे टॅगची नावे कोणत्या संचातली ते सांगणारी, घोषणा अगदी वरच्या टॅगवर एकदाच होती आणि आतल्या टॅगांना केवळ तिचे आखूड प्रीफिक्स लावलेले होते. तुकडा कापला की घोषणा मागे राहते आणि पार्सर, म्हणजे एक्सएमएल वाचून त्याचे भाग ओळखणारा प्रोग्राम, हे प्रीफिक्स कोणाशीच बांधलेले नाही अशी तक्रार करून थांबतो. शिवाय एखाद्या टिपणीत किंवा सीडेटामध्ये, म्हणजे नुसता मजकूर म्हणून वाचायच्या भागात, तोच टॅग लिहिलेला असेल, तर मजकूर शोधणाऱ्याला तो खराच वाटतो. कापाकापीचे काम पार्सरकडेच सोपवावे, हे माझे ठाम मत आहे.

दुसरा मार्ग डॉमचा, म्हणजे अख्खी फाइल झाडाच्या रूपात मेमरीत उभी करून एक्सपाथने, म्हणजे झाडातली जागा सांगणाऱ्या भाषेने, हवी ती फांदी उचलण्याचा. लहान फाइलसाठी मी आजही हाच मार्ग घेतो, फक्त हे झाड बांधून देणाऱ्या डॉक्युमेंटबिल्डरफॅक्टरीला नेमस्पेस ओळखायला आवर्जून सांगावे लागते, कारण मुळात ती सोय बंद असते. मुनीमजींच्या संगणकात मात्र ४ जीबी मेमरी आहे, आणि वेगळे काही सांगितले नाही तर जावा आपल्या हीपसाठी, म्हणजे प्रोग्रामच्या कामाच्या मेमरीसाठी, जास्तीत जास्त साधारण एक चतुर्थांश, म्हणजे १ जीबी वापरते. डॉमचे झाड मूळ फाइलच्या कितीतरी पट जागा घेते. दोन मिनिटे पंखा जोरात फिरला आणि मेमरी संपल्याचा संदेश आला.

म्हणून मी स्टॅक्सकडे, म्हणजे फाइल थोडी थोडी वाचत जाण्याच्या सोयीकडे, वळलो. ही सोय जावा ६ पासून, म्हणजे २००६ पासून, जावातच मिळते. सॅक्स या तशाच दुसऱ्या सोयीमध्ये पार्सर आपल्याला घटना ढकलत राहतो आणि आपण त्या झेलत बसतो. स्टॅक्समध्ये पुढची घटना आपण मागतो. एक्सएमएलस्ट्रीमरीडर हा एक कर्सर आहे. तो टॅगची सुरुवात, मजकूर, टॅगचा शेवट अशा एकेका जागेवर उभा राहतो आणि नेक्स्ट म्हटल्याखेरीज हलत नाही. मेमरीत एका वेळी थोडाच भाग असतो. सगळ्यात सोयीचे म्हणजे कर्सर पट्टीच्या सुरुवातीवर असताना तो जसाच्या तसा जॅक्सबीच्या, म्हणजे एक्सएमएलचे जावा ऑब्जेक्ट करणाऱ्या लायब्ररीच्या, हाती देता येतो, आणि जॅक्सबी तेवढीच पट्टी वाचून जावाचा ऑब्जेक्ट परत देते. नेमस्पेसचा प्रश्नही इथे उरत नाही, कारण वरच्या घोषणा रीडरने आधीच वाचलेल्या असतात. जॅक्सबी जावा ११ पासून जेडीकेमधून, म्हणजे जावाच्या मूळ संचातून, काढून टाकलेली आहे, त्यामुळे ती वेगळी जोडावी लागते.

दोन किरकोळ गोष्टी इथेच उरकतो. रीडरला फाइलरीडर (अक्षरे वाचून देणारा) न देता सरळ इनपुटस्ट्रीम (कच्चे बाइट देणारा) द्यावा, म्हणजे एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे कोणत्या बाइटांत लिहिली आहेत ते, तो फाइलच्या पहिल्या ओळीवरून स्वतः ठरवतो. जावा १८ च्या आधी फाइलरीडर संगणकाचे एन्कोडिंग धरत असे आणि विंडोजवर शेतकऱ्यांच्या मराठी नावांचा चुराडा होत असे. तसेच फाइल बाहेरून आलेली असेल, तर डीटीडी (फाइलच्या रचनेचे नियम) आणि बाहेरच्या एंटिटी (दुसरीकडून आणायचा मजकूर) या दोन्ही सोयी रीडर बनवणाऱ्या फॅक्टरीतच बंद कराव्यात, नाहीतर ती फाइल आपल्या संगणकावरच्या दुसऱ्या फाइली वाचवून घेऊ शकते.

प्रोग्राम लिहून झाला. मी हाताने लिहिलेल्या, पाच पट्ट्यांच्या नमुना फाइलवर तो चोख चालला. मग खऱ्या फाइलवर चालवला, पट्ट्या एक्सेलमध्ये काढल्या आणि निश्चिंतपणे फराळाला बसलो. तासाभरात मुनीमजी वही घेऊन आले. "भाचेबुवा, एकाआड एक पट्टी गळाली आहे, आणि रद्द केलेल्या काही मात्र हजर आहेत," ते म्हणाले. त्यांनी एक्सेलच्या बेरजेवर विश्वास न ठेवता बोट ठेवून क्रमांक तपासले होते. एकाआड एक, या त्यांच्या दोन शब्दांत चुकीचा निम्मा शोध लागलेला होता.

माझ्या लूपमध्ये प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला नेक्स्ट होते. एखाद्या टॅगमधला नुसता मजकूर वाचणारी गेटएलिमेंटटेक्स्ट ही पद्धत कर्सरला त्या टॅगच्या शेवटावर उभे करून परत येते, त्यामुळे तिच्यानंतर नेक्स्ट म्हणणे बरोबर असते, आणि माझा हात त्याच सवयीचा होता. जॅक्सबीचे वागणे वेगळे आहे आणि ते तिच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेले आहे: काम झाल्यावर कर्सर शेवटच्या टॅगच्या पुढच्या घटनेवर असतो. माझ्या नमुना फाइलमध्ये दोन पट्ट्यांच्या मधे नवी ओळ आणि मोकळी जागा होती. ती मोकळी जागाही मजकुराची घटना म्हणून मोजली जाते, कर्सर तिच्यावर थांबत होता आणि माझे नेक्स्ट त्याला बिनचूक पुढच्या पट्टीवर नेत होते. खरी फाइल मात्र एकाच लांबलचक ओळीत होती. तिथे पहिली पट्टी वाचून झाली की कर्सर थेट दुसरीच्या सुरुवातीवर उभा राहत होता, आणि माझे नेक्स्ट त्याला दुसरीच्या पोटात ढकलत होते. तिची सुरुवात ओलांडली गेल्यामुळे ती पट्टी म्हणून ओळखलीच जात नव्हती आणि लूप तिसरीपर्यंत निमूट चालत जाई.

रद्द पट्ट्यांचे कोडे याच चुकीचे दुसरे टोक निघाले. पट्ट्यांचा विभाग संपला की थांबायचे, असे मी लिहिले होते, म्हणजे पुढची फाइल वाचावीच लागणार नाही. त्या विभागात एकूण पट्ट्या विषम होत्या. त्यामुळे शेवटची पट्टी वाचली गेली, कर्सर विभागाच्या शेवटावर आला आणि नेक्स्टने तो शेवटही ओलांडला. थांबायची खूण हुकल्यावर प्रोग्राम रद्दच्या विभागात शिरला आणि तिथल्या पट्ट्याही एकाआड एक उचलत गेला. संख्या सम असती तर हा भाग कधी दिसलाच नसता.

दुरुस्ती चार ओळींची होती. आता लूप आधी कर्सर कुठे आहे ते पाहतो: पट्टीच्या सुरुवातीवर असेल तर ती जॅक्सबीला देतो आणि नेक्स्ट म्हणत नाही, विभागाच्या शेवटावर असेल तर थांबतो, यांपैकी काहीच नसेल तरच नेक्स्ट म्हणतो. याचा आणखी एक फायदा असा, की उद्या जॅक्सबीऐवजी पट्टीच्या शेवटावरच थांबणारे दुसरे काही वापरले, तरी हा लूप न बदलता चालेल. लवकर थांबण्याची एक किंमत मात्र मोजावी लागते: फाइलचा उरलेला भाग अर्धवट किंवा बिघडलेला असला, तरी ते आपल्याला कळत नाही. पट्ट्यांपुरते मला ते चालले. खातेवहीसाठी मी असे केले नसते.

मुनीमजींनी दुसऱ्या दिवशी पुन्हा बोट ठेवूनच क्रमांक तपासले. मीही नमुना फाइली वाढवल्या आहेत. शून्य, एक, दोन आणि तीन पट्ट्यांच्या फाइली, प्रत्येक दोन रूपांत: एक ओळी मोडून लिहिलेली आणि एक सगळी एकाच ओळीत.